लॅबची किल्ली

"आत्या, कॉलेजात दोन सेमिस्टर बसून मला रिकर्शन कळलं नव्हतं. माधवन मुकुंद सरांकडून आठ आठवड्यांत कळलं, तेही फुकट. मग रोज साडेनऊला वर्गात जाऊन बसायचं कशासाठी?"

"हजेरीसाठी," अक्का म्हणाली. "75 टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि हे कारण पुरेसं नाही, हे मलाही ठाऊक आहे."

माझी लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रुप एमपीसीएस, म्हणजे गणित, भौतिकशास्त्र आणि संगणक. हैदराबादची पदवीची मुलं विषय विचारला की अशी अक्षरंच सांगतात. अक्का माझी थोरली बहीण. मुलींच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं संगणक शिकवून निवृत्त झाली. आमचं घर नामपल्ली स्टेशनाच्या मागच्या बाजूला आणि अक्का शेजारच्याच गल्लीत, त्यामुळे हा वाद गेलं वर्षभर थांबून थांबून चालू आहे. मुलींनी संगणक शिकावा, नीट शिकावा, हे दोघींनाही मनापासून हवं आहे. तरी दोघींचं पटत नाही. ऑनलाइन शिक्षणाबद्दल जे काही छापून येतं त्यात या दोघींना छळणारा प्रश्न मला क्वचितच दिसतो, म्हणून त्यांचं बोलणं इथे लिहून काढतो आहे.

लेक ज्या मुकुंद सरांचं नाव घेते ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे. त्यांचा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आहे. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 2003 मध्ये एनपीटीईएल सुरू केलं, 2014 पासून त्यावर प्रमाणपत्रही मिळू लागलं. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तर हजार रुपये. 25 गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे, आणि ही परीक्षा घरी बसून नाही, केंद्रावर जाऊन द्यायची. पुढे 2017 मध्ये सरकारचं स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयम्‌वरून करायला मुभा दिली. तेव्हा लेक बोलते ते बंडखोरीचं नाही, नियमच तिच्या बाजूचा आहे.

"मुकुंद सर उत्तमच शिकवतात," अक्का म्हणाली. "निवृत्तीच्या आधी मी स्वतः त्यांचे व्हिडिओ बघून तास घ्यायची. पण तुला कळलं ते एकट्या त्यांच्यामुळे नाही. तुझ्याकडे लॅपटॉप होता. तुझ्या बापानं तुला खोलीचं दार लावून बसू दिलं. आणि रात्री अडलं की तू मला फोन लावलास."

"कधीतरीच लावला."

"कधीतरीच पुरतो गं."

त्यातला एक फोन मी ऐकला होता. लेकीनं यादीतली संख्या शोधणारं फंक्शन लिहिलं होतं. फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावत होतं, हेच ते रिकर्शन, आणि उत्तर सापडतही होतं, पण छापताना पडद्यावर नुसतं 'नन' येत होतं. ज्या ओळीत फंक्शन स्वतःला बोलावतं, तिच्या सुरुवातीला रिटर्न लिहायचं राहिलं होतं. पायथन याला चूक म्हणत नाही. काहीच परत दिलं नाही तर तो 'नन' देतो आणि पुढे जातो. अक्कानं तिला रिटर्न लिही असं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "खालच्या मजल्यावर उत्तर सापडलं, ते वरच्या मजल्यावर कोण आणून देतंय?" मग बराच वेळ फोन गप्प. नंतर लेक ओरडली. ती चूक तिनं पुन्हा केलेली मी पाहिली नाही.

"हे स्टॅक ओव्हरफ्लोवर सापडलं असतं," लेक म्हणते. "आता तर चॅटजीपीटीला नुसता कोड दिला की रिटर्न घालून परत देतं. रात्री दोनलाही. तू झोपलेली असतेस."

"देतं ना. कोड दुरुस्त होतो. तू होतेस का?"

इथे लेक चिडते, आणि मला तिचं चिडणं रास्त वाटतं. मास्तरांचा हा ठेवणीतला टोमणा आहे आणि तो बऱ्याचदा आपली जागा राखण्यासाठी वापरला जातो. पण अक्का टोमण्यावर थांबली नाही. तिनं जोशुआ ब्लॉक यांची हकीकत सांगितली. क्रमानं लावलेल्या यादीत मधोमध बघायचं, अर्धी यादी टाकून द्यायची, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मधोमध बघायचं. ही बायनरी सर्च संगणकाच्या मुलांना अगदी सुरुवातीलाच शिकवतात. जावाच्या लायब्ररीत ती ब्लॉक यांनी लिहिली होती. मधली जागा काढायला दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज आणि भागिले दोन. 2006 मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की नऊएक वर्षं त्या ओळीत चूक बसून होती. यादी 100 कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज 2,14,74,83,647 ही मर्यादा ओलांडू शकते आणि उत्तर उणे येतं. ओळ कंपाइल होत होती, चालत होती, जगभर वापरात होती.

"यंत्रानं हरकत घेतली नाही म्हणजे बरोबर आहे, असं तुम्ही धरून चालता," अक्का म्हणाली. "संगणकाच्या मुलांना ही सवय लागते, कारण यंत्र चुका दाखवत असतं. इतिहासाच्या मुलाला वही बोलत नाही, म्हणून तो मास्तरकडे जातो. तुम्हाला वाटतं मास्तर समोरच आहे. पण यंत्र कुठल्या ओळीत बिघडलं ते सांगतं. तुझ्या डोक्यात काय बिघडलंय ते त्याला दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी तुझ्या शेजारी बसून तू टाइप करताना बघायला लागतं."

"आणि ही हकीकत तुला कुठं कळली? कॉलेजच्या लायब्ररीत? ब्लॉक यांनी नेटवर लिहिलं, तू नेटवर वाचलंस. आमच्या सिलॅबसच्या पुस्तकात अजून जुनीच बेरीज आहे." अक्काला हे कबूल करावं लागलं.

आता लेकीची कॉलेजबद्दलची तक्रार, तिच्याच शब्दांत, कारण मला ती सौम्य करायची नाही. "लॅबचे दोन तास. एका मशीनवर दोघी, कधी तिघी. त्यावर टर्बो सी, निळ्या पडद्याचं, तू नोकरीला लागलीस तेव्हाचं. बाहेर कुणी ते वापरत नाही. त्यातला अर्धा वेळ रेकॉर्ड लिहिण्यात. उजव्या पानावर प्रोग्राम हातानं उतरवायचा, डाव्या कोऱ्या पानावर आउटपुट. कुठून? मागच्या बॅचच्या वहीतून. आत्या, मी कधीच न चालवलेल्या प्रोग्रामचं आउटपुट मी पेननं लिहिलंय आणि त्यावर लाल सही झालीय. मुकुंद सरांच्या असाइनमेंटमध्ये प्रोग्राम खरंच चालवून बघतात, लपवलेल्या इनपुटवर. तिथं नाही लपवता येत."

यावर कुणी काय उत्तर देणार? संगणकाच्या पदवीला आलेली मुलगी संगणकासमोर बसून हातानं आउटपुट लिहिते आणि तपासणारा त्यावर सही करतो, ही गोष्ट या शहरातल्या, आणि मला माहीत असलेल्या महाराष्ट्रातल्याही, कितीतरी कॉलेजांत अजून सर्रास चालते. त्याच शहरात मेट्रोनं नामपल्लीहून सहावं स्टेशन अमीरपेट. तिथं जावा, टेस्टिंग, डेटा सायन्सच्या क्लासेसच्या पाट्यांनी इमारतींच्या भिंती झाकलेल्या असतात आणि पदवी झालेली मुलं पुन्हा पैसे भरून तेच शिकतात. आईबापांनी एका शिक्षणाची फी दोनदा भरायची, असा हा शिरस्ता पडून गेला आहे. लेकीच्या मते मुकुंद सरांच्या व्हिडिओंनी या दुसऱ्या फीमधून तरी सुटका केली.

"रेकॉर्ड उद्याच्या उद्या बंद व्हावं," अक्का म्हणाली. "टर्बो सीही. त्यात वाद नाही. पण लॅब बंद करायचं म्हणू नकोस."

अक्काचं लॅबवर एवढं का अडतं, हे मला 2020 मध्ये कळलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कॉलेजं बंद झाली, आणि ती घरातल्या टेबलावर फोन उभा करून तास घेऊ लागली. समोर काळे चौकोन. "ऑडिबल ना अम्मा?" असं ती विचारायची, दोन-तीन आवाज यायचे. तिच्या वर्गात मल्लेपल्लीच्या बाजूची एक मुलगी होती. फोन भावाचा, भाऊ अकराला दुकानावर जायचा, त्यामुळे तिचा वर्ग अकराला संपायचा, अक्काचा तास साडेअकरापर्यंत असला तरी. ती सी लँग्वेजचे प्रोग्राम वहीत लिहायची आणि रात्री भाऊ आला की पानांचे फोटो पाठवायची. अक्का ते फोटो मोठे करून, अर्धविराम शोधत, डोक्यात प्रोग्राम चालवून तपासायची. तेलंगणात कॉलेजं 1 फेब्रुवारी 2021 ला उघडली. ती मुलगी लॅबमध्ये आली आणि वहीतले सगळे प्रोग्राम एकामागून एक टाइप करून चालवत सुटली, सुट्टीत डबाही खाल्ला नाही. 24 मार्चला पुन्हा सगळं बंद झालं.

ही एका मुलीची गोष्ट नाही. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली घरं शहरांत 23.4 टक्के होती, खेड्यांत 4.4 टक्के. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष शंभरात 57, बायका 33. फोन आता घरोघर झाला आहे, मान्य. पण फोनवर व्हिडिओ बघता येतो, दोनशे ओळींचा प्रोग्राम लिहिता येत नाही. निदान शिकणाऱ्याला येत नाही. आणि घरात लॅपटॉप एकच असेल तर तो कुणाकडे जातो, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

"म्हणून म्हणते," अक्काचा मुद्दा, "मुलीला संगणक शिकायला आधी काय लागतं? एक मशीन आणि एक तास, जो तिचाच आहे, ज्यात पाणी भर, दार उघड, भावाला चहा दे, असं कुणी म्हणणार नाही. घरात तो तास नसतो. कॉलेजात असतो. ऑनलाइनवाले धरून चालतात की तो तास तिच्याकडे आहेच."

नामपल्लीत या मुद्द्याला इतिहास आहे. दरवर्षी 1 जानेवारीला इथल्या मैदानावर नुमाइश भरते, सगळ्या देशातले दुकानदार येतात. उस्मानियाच्या पदवीधरांनी 1938 मध्ये पब्लिक गार्डनमध्ये ती सुरू केली, 1946 मध्ये ती सध्याच्या मैदानावर आली. तिच्या उत्पन्नातून एक्झिबिशन सोसायटी शिक्षणसंस्था चालवते, आणि त्यातल्या दोन मुलींच्या संस्था या मैदानातच आहेत, सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि कमला नेहरू तंत्रनिकेतन. वर्षातला दीड महिना आजूबाजूला पाळणे आणि लखनवी कुडत्यांची दुकानं, आणि आत मुलींचे वर्ग. ज्या घरांतून मुलीला कोचिंगला अमीरपेटला धाडत नाहीत, त्याच घरांतून मुलींच्या कॉलेजात नि:शंक धाडतात. आवार, फाटक, परतायची ठरलेली वेळ, यांमुळे घरचे हो म्हणतात. अक्का या फाटकाचं महत्त्व जाणते, कारण तीही त्याच हो-मुळे शिकली.

"आणि फाटकाबाहेर राहिलेल्या?" लेकीनं विचारलं. तिच्या वर्गातली एक मैत्रीण दुसऱ्या वर्षात लग्न होऊन बीदरला गेली. कॉलेज सुटलं. सासरी दुपारी घर झोपलेलं असतं तेव्हा ती फोनवर डेटाबेसचा अभ्यासक्रम ऐकते. "तिला तुझी लॅब काय कामाची? तुझं कॉलेज तिला म्हणतं, हजेरी नाही, नाव काढलं. मुकुंद सर म्हणत नाहीत."

अक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिच्यासाठी तूच बरोबर आहेस." देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ 1982 मध्ये निघालं, आज ते याच शहरात आंबेडकरांच्या नावानं चालतं, आणि ते अशा बायकांसाठीही होतं. तरी त्यांनीही गावोगावी अभ्यासकेंद्रं ठेवली आणि सुट्टीच्या दिवशी तिथं समोरासमोर तास घेतले, हे अक्कानं जाता जाता जोडलंच.

भाषेचा मुद्दा निघाला तेव्हा दोघी अनपेक्षितपणे एका बाजूला आल्या. मुकुंद सरांचं इंग्रजी लेकीला अडचणीचं नाही. वर्गातल्या तेलुगू आणि उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींना आहे. अक्का वर्गात इंग्रजी बोलायची पण लॅबमध्ये दखनी. "क्या हुआ अम्मा, लूप कां अटक रा?" असं विचारलं की मुली धडाधड बोलू लागायच्या. व्हिडिओला हे जमत नाही, पण थोडंफार जमवणारा एक प्रयोग आहे. आयआयटी मुंबईत कन्नन मौदगल्य यांनी सुरू केलेला स्पोकन ट्युटोरियल. दहाएक मिनिटांचे धडे, मराठी, तेलुगू, उर्दूसह अनेक भाषांत आवाज दिलेले. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करून बघायचं. एकट्यानं शिकता यावं अशी त्याची रचना आहे. तरीही तो बराचसा चालतो कॉलेजांच्या लॅबमध्ये, एखादी प्राध्यापिका किल्ली घेऊन लॅब उघडते, मुलींना बसवते, अडलं तिथं मदत करते. म्हणजे उत्तम ऑनलाइन धड्यालाही शेवटी खोली, मशीन आणि माणूस लागलंच.

मला या सगळ्यातून जे दिसतं ते स्पष्ट लिहितो. व्याख्यान आता वर्गाचं राहिलेलं नाही. आयआयटीच्या प्राध्यापकाचं फुकट मिळणारं व्याख्यान असताना सत्तर मुलींना नोट्स लिहून देणं हा त्यांच्या वेळेचा अपव्यय आहे. तिथं लेक बरोबर आहे. पण व्याख्यान सोडलं तर कॉलेजकडे जे उरतं तेच खरं मोलाचं आहे: मशीन, राखून ठेवलेला तास, शेजारी बसणारं जाणतं माणूस. ते बहुतेकींना घरी मिळत नाही, आणि ज्यांना घरी मिळतं ती मुलं कॉलेजशिवायही शिकतात. 2012 मध्ये एमआयटीनं सर्किट्सचा आपला पहिला मोठा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला. नावं नोंदवणारे सुमारे 1 लाख 55 हजार, पूर्ण करणारे 7,157. लेक म्हणते, एवढी मुलं एका प्राध्यापकाच्या हाताखालून जन्मभरात जात नाहीत. खरं आहे. पण बाकीच्यांचं काय झालं, हे शोधायला तिथं हजेरी घेणारं कुणी नव्हतं, आणि माझ्या मते नामपल्लीच्या मुलींची खरी गोष्ट त्या बाकीच्यांतच आहे.

म्हणून मला सगळ्यात धास्ती वाटते ती त्या 40 टक्क्यांची. अक्का आणि लेक यावर जेवढ्या पोटतिडकीनं भांडल्या तेवढ्या कशावरच नाही.

"40 टक्के विषय ऑनलाइन म्हणजे 40 टक्के मास्तर कमी," अक्का म्हणाली. "संस्था हेच करणार. निवृत्तांच्या जागा भरायच्याच नाहीत. मुलींना सांगायचं, स्वयम्‌वर करा."

"40 टक्के विषय ऑनलाइन म्हणजे आठवड्याचे दहाबारा तास वर्ग रिकामे," लेक म्हणाली. "त्या तासांना लॅब उघडी ठेवा. मॅडमना नोट्स सांगायला नको, लॅबमध्ये बसू दे. मला हेच तर हवंय!"

"मग हे लिहून दे."

आणि लेकीनं लिहायला घेतलं, प्राचार्यांच्या नावे अर्ज. रेकॉर्डऐवजी चालवून दाखवलेला प्रोग्राम तपासावा. स्वयम्‌वर केलेल्या विषयाचे तास वेळापत्रकात लॅबच्या नावे राहावेत, आणि त्या तासांना शिक्षिका लॅबमध्ये असावी. एनपीटीईएलच्या परीक्षेची हजाराची फी गरजू मुलींसाठी कॉलेजनं भरावी. हे कलम अक्कानं घालायला लावलं. लग्न होऊन गेलेल्या मुलींना नाव न काढता ऑनलाइन विषय पुरे करू द्यावेत, हे लेकीचं. लॅब चारला बंद होते, किल्ली शिपायाकडे जाते, ती वेळ वाढवावी. कितीपर्यंत, यावर पुन्हा जुंपली. लेक म्हणते सात, मेट्रो रात्री उशिरापर्यंत असते. अक्का म्हणते सहा, त्यापुढे घरचे थांबू देणार नाहीत आणि मग येतील फक्त ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्याच. हे आपण दोघींनी ठरवायचं नाही, असं शेवटी लेकच म्हणाली. गेले काही दिवस ती वर्गातल्या एकेकीच्या घरी फोन करून आयांना विचारते आहे, सहा चालतील की सात.